तटावरून उतरणारी मुळं

सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीच्या आवारात गेल्या दिवाळीत मुलांनी राजगड केला होता. पुण्यात अलीकडे पाहिलेल्या किल्ल्यांमध्ये मला तो सर्वांत जाणता वाटला. तीन माच्या, मधोमध बालेकिल्ला, सुवेळा माचीच्या टोकाकडे नेढं, संजीवनी माचीचे उतरत जाणारे टप्पे, हे सगळं जागच्या जागी होतं. पण एवढं हल्ली बरीच मुलं करतात. नकाशे आणि आकाशातून काढलेले फोटो हाताशी असतात. मी थांबलो ते पद्मावती माचीच्या तटापाशी. तिथे दगडांच्या सांध्यातून पिंपळाचं एक रोप बाहेर आलं होतं आणि त्याची मुळं तट धरून खाली, पार कड्यापर्यंत उतरली होती. काथ्याचे पिळलेले चार-सहा धागे आणि त्यांच्यावर फेव्हिकॉलने चिकटवलेला कसुरी मेथीचा चुरा, एवढंच सामान. तरी त्या वीतभर तटाला त्यामुळे वय आलं होतं.

किल्ल्यातल्या हिरवळीकडे आपण नीट पाहत नाही. महाराज सिंहासनावर आहेत का, मावळे पहाऱ्यावर आहेत का, गुहेत वाघ आहे का, तळ्यात पाणी आहे का, एवढं पाहून पुढच्या किल्ल्याकडे जातो. हिरवळ म्हणजे माती झाकायची सोय, असा समज असतो. खरं तर विटा आणि दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवून पसरलेलं गोणपाट, त्यावर लाल माती, इथवर जे होतं तो नुसता डोंगर असतो. कुठलाही डोंगर. तो सह्याद्रीतला होतो तो त्यावर काय आणि कुठे उगवलं आहे त्यावरून.

ह्या मुलांनी उतारांवर हळीव पेरला होता. हळीव का, हे किल्ला करणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असतं, पण त्यातली खुबी सांगण्यासारखी आहे. हळिवाचं बी भिजलं की त्याच्याभोवती बुळबुळीत चिकाचं आवरण फुगतं, आणि त्या चिकामुळे बी जिथे टाकलं तिथे धरून राहतं. मोहरी उभ्या उतारावरून घरंगळते, गहू तर पायथ्याशीच जाऊन पडतो; हळीव कड्यालाही चिकटतो. दोन-तीन दिवसांत मोड येतात, आठवड्यात तीन-चार सेंटिमीटरची दाट हिरवळ होते. बाजारात मिळणारा मातीचा मावळा साधारण सात सेंटिमीटरचा धरला तर ही हिरवळ त्याच्या कमरेला लागते. श्रावण-भाद्रपदात गडाची वाट चढलेल्यांना कमरेएवढं गवत म्हणजे काय ते ठाऊक आहे. कोणी मापं न घेताही हळिवाने इथे माणसाचं आणि गवताचं नातं बरोबर राखलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या हेच बी वापरात राहिलं, त्यामागे ही नजरही असणार असं मला वाटतं.

आता त्या मुळांकडे येतो. ती करणारा मुलगा त्याच इमारतीत राहतो, इंजिनिअरिंगला आहे आणि एरवी युद्धखेळांसाठी इंचभर उंचीचे सैनिक रंगवतो. हा छंद जुना आहे. एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक 1913 साली काढलं. आज ह्या खेळाची मेजं म्हणजे छोटे भूप्रदेशच असतात. पडकी घरं, पूल, टेकड्या, आणि जवळजवळ प्रत्येक पडक्या भिंतीवर चढलेली आयव्ही. ती करायची रीत ठरलेली आहे. बारीक तार किंवा दोऱ्याचं खोड भिंतीच्या पायथ्यापासून वर चढवायचं, त्याला फाटे फोडायचे, गोंद लावायचा आणि पानांचा चुरा भुरभुरायचा. तिकडे पानांसाठी भूर्जवृक्षाच्या तुऱ्यांतले बारीक खवले वापरतात. त्यांचा आकार मुळातच तीन टोकांच्या पानासारखा असतो.

ही रीत ह्या मुलाने जशीच्या तशी उचलली असती तर राजगडाच्या तटावर युरोपातली वेल चढली असती. आयव्हीची एक जात आपल्याकडे हिमालयात आहे, सह्याद्रीच्या तटांवर नाही. आपल्या तटांवर काय असतं? बुलबुल, तांबट, हरियल पिंपळ-उंबराची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी तटाच्या सांध्यात पडतं, चुन्यातल्या ओलीवर रुजतं आणि मग मुळं मातीच्या शोधात दगडांच्या फटी धरत खाली येतात. आयव्ही जमिनीतून निघून भिंत चढते. आपला पिंपळ भिंतीत जन्मतो आणि जमिनीकडे उतरतो. त्या मुलाने सामान तेच ठेवून वाढीची दिशा उलटी केली. मला ह्या किल्ल्यातलं सर्वांत मोठं कसब हेच वाटतं. ते हाताच्या आधी डोळ्याचं आहे, आणि त्यासाठी त्याला राजगडापर्यंत जावंही लागलं नसेल. पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या विटांच्या भिंतींवर असे पिंपळ शाळेत जातायेता दिसतात.

दिशा बदलली की बाकी सगळं बदलतं. चढणाऱ्या वेलीचं खोड तळाशी जाड आणि वर निमुळतं असतं. इथे जाडी वर, रोपाच्या बुंध्याशी आहे. तिथे पिळलेला काथ्या तसाच ठेवलाय, खाली येताना एकेक धागा सुटा केलाय, आणि अगदी टोकाला एकेरी तंतू आहेत, केसासारखे, कड्याच्या मातीत शिरलेले. मुळं सरळ रेषेत येत नाहीत. दगड आला की बाजूने जातात, सांधा मिळाला की त्यात दबतात. एका ठिकाणी तर एक मूळ दोन दगडांमध्ये नाहीसं होऊन हातभर नव्हे, पण बोटभर खाली पुन्हा प्रकट होतं. मधला धागा कापूनच हे साधता येतं. न दिसणारं मूळ पाहणाऱ्याने मनात जोडून घ्यायचं, एवढा विश्वास त्याने पाहणाऱ्यावर टाकलाय. पानंही मुळांवर कुठेच नाहीत. वर रोपाला आहेत तेवढीच. आयव्हीच्या सवयीने कुणी हे केलं असतं तर सगळ्या मुळांवर पाला भुरभुरला असता.

पानांच्या मापाबद्दल थोडं. मावळा सात सेंटिमीटरचा म्हणजे प्रमाण साधारण चोविसास एक. पिंपळाचं बारा सेंटिमीटरचं पान ह्या प्रमाणात अर्धा सेंटिमीटर व्हायला हवं. कसुरी मेथी हलक्या हाताने चुरली की तुकडे त्याच्या आसपासच पडतात. हाच मुलगा आपल्या इंचभर सैनिकांसाठी पिंपळ करेल तेव्हा पान दोन मिलिमीटरचं लागेल आणि मेथी चाळून घ्यावी लागेल. पण खुद्द किल्ला कुठल्याच एका मापात नसतो. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. मावळ्याच्या प्रमाणात ती करायची तर शंभर मीटर जागा लागेल, सोसायटीचं आवार पुरणार नाही. महाराज मावळ्यांहून मोठे असतात, आणि ते तसेच असायला हवेत. तिथे माप आदराचं असतं. तीन मापं एकाच मातीवर नांदतात. अशा वेळी पानाने कुणाचं माप धरायचं? ह्या मुलाने मावळ्याचं धरलं. डोंगराच्या मापाने गेला असता तर पिंपळ दिसलाच नसता, महाराजांच्या मापाने गेला असता तर तट खुजा झाला असता. पहाऱ्यावरच्या माणसाला ते झाड जेवढं दिसेल तेवढंच ते आपल्याला दिसतं, आणि त्यामुळे आपण नकळत त्या मावळ्याच्या जागी जाऊन उभे राहतो.

इथे एक शंका येते, आणि ती मला बराच वेळ सोडत नव्हती. गडावर महाराज आहेत, पहारे आहेत, म्हणजे गड नांदता आहे. नांदत्या गडाच्या तटावर पिंपळ कसा? रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या 'आज्ञापत्रा'त गडांविषयीचं प्रकरण आहे. तटावर वाढणारी झाडं वरचेवर कापावीत, तटाचं आणि तटाखालचं गवत जाळावं, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. कारण उघड आहे: आज धाग्याएवढं असलेलं मूळ उद्या चिरा सरकवतं, आणि शत्रूला चढायला आयता दोर मिळतो. आजही गडसंवर्धन करणारी मंडळी तटावरची झुडपं काढताना हीच धास्ती बाळगून असतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे, तेव्हा हे काम आता अधिकच जपून करावं लागणार. मग तो पिंपळ सुंदर असला तरी चुकलेला म्हणायचा का?

उत्तर किल्ल्यातच होतं, जरा वाकून पाहावं लागलं. त्या रोपाच्या नेमक्या वर, तटावर, एक मावळा इतरांकडे पाठ करून ठेवला होता. मावळे साधारणपणे बाहेर, पाहणाऱ्याकडे तोंड करून मांडतात. हा आत-बाहेर कुठेच न पाहता खाली पाहत होता. त्याला किंचित पुढे कलता ठेवून पायाशी माती दाबली होती. हातातली उगारलेली तलवार रोपाच्या दिशेने होती. तो झाड तोडायला आला आहे. तो मावळा मांडणाऱ्या चौथी-पाचवीतल्या मुलीने विचारल्यावर तसं सांगितलंही, आणि हे कळायला मला इतका वेळ लागावा याचं तिला नवल वाटलं. बाजारातून आणलेल्या साचेबंद मूर्तीला नुसतं वळवून तिने तिला काम दिलं. गडाची लढाई नेहमी शत्रूशीच नसते, पावसाळ्याशीही असते, हे त्या एका वळवण्यात आलं आहे.

तेच आज्ञापत्र गडाच्या घेऱ्यातली झाडी मात्र राखायला सांगतं. तिच्यातली एक काठीही तोडू देऊ नये, इतक्या कळकळीने. ह्या किल्ल्याचा पायथा पाहा. तिथे मोकळी माती जवळजवळ नाही. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे हिरवे रंगवून करवंदीच्या जाळ्या केल्या आहेत, त्यांच्यामध्ये सुतळीचे उकललेले धागे एका फांदीवरून दुसरीवर टाकलेले आहेत. वर तट निर्मळ ठेवायचा, खाली रान माजू द्यायचं. मुलांनी आज्ञापत्र वाचलं असेल असं मी म्हणत नाही. गड चढताना जे दिसतं ते त्यांनी मांडलं, आणि तो ग्रंथही असेच गड पाहून लिहिलेला आहे.

रंगाबद्दलही त्यांचं कौतुक करायला हवं. दिवाळी येते तेव्हा सह्याद्री हिरवा राहिलेला नसतो. तेरडा संपत आलेला असतो, गवत सोनेरी व्हायला लागतं. हळिवाची कोवळी हिरवळ म्हणजे आषाढ. ती कार्तिकाच्या तोंडावर दिसते हा दिवाळीच्या किल्ल्याचा जुनाच आनंद आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये. पण पायथ्याच्या झाडीत ह्या मुलांनी सुकवलेला चहाचा चोथा मिसळला होता, वरच्या टप्प्यांवर थोडा अधिक. कसुरी मेथी उन्हाने पिवळट पडते, तिला त्यांनी पातळ गोंदाचा हात दिला नव्हता. ते राहून गेलं असो वा मुद्दाम असो, भाऊबीजेपर्यंत पिंपळाची दोन-चार पानं खरोखर पिकली होती.

एक गोष्ट मला खटकली. सुवेळा माचीच्या अंगाला, उघड्या कड्यावर, त्यांनी गुळवेल सोडली आहे. ती गुळवेलच आहे हे ओळखू येतं, कारण तिच्यावरून बारीक दोऱ्यासारखी हवेतली मुळं सरळ खाली लोंबत ठेवली आहेत, आणि ती फार सुरेख जमली आहेत. शिवणाच्या दोऱ्याला गेरू चोळून केलेली. पण गुळवेलीला आधाराला झाड लागतं. ती पिंपळासारखी दगडात रुजत नाही, कुणाच्या तरी खांद्यावर चढते आणि तिथून मुळं सोडते. इथे ती नुसत्या कातळावर टेकली आहे, आणि लोंबणाऱ्या मुळांना ज्या उंचीवरून लोंबायचं ती उंचीच नाही. पायथ्याच्या झाडीत एखादं ऐनाचं किंवा आंब्याचं झाड उभं करून तिला तिथे चढवलं असतं, तर कड्याची ती बाजू उघडी राहिली असती, जशी ती खऱ्या राजगडावर आहे.