गाढवाचे कान आणि हास्याची मर्यादा : ‘पिनोकिओ’मधील रूपांतराचा विचार

प्रस्तावना

हट्टी, लाडावलेल्या मुलाचे जादूने रूपांतर होते, त्याची फजिती होते आणि अखेरीस तो शहाणा होऊन मूळ रूपात परततो, हे कथासूत्र बालसाहित्यात सर्वपरिचित आहे. कार्लो कोलोदी (१८२६-१८९०) या इटालियन लेखकाची ‘पिनोकिओची साहसे’ ही कादंबरी या सूत्राचे ठळक उदाहरण मानली जाते. १८८१ ते १८८३ या काळात ती मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली व १८८३ मध्ये फ्लोरेन्स येथे पुस्तकरूपाने आली. आळशी मुलाला मिळालेला धडा, असा तिचा अर्थ सामान्यतः लावला जातो. हा अर्थ कितपत पुरेसा आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लाडावलेपणाची विसंगती

पिनोकिओ श्रीमंताघरचा नाही. जेप्पेत्तो आपल्या न्याहारीची तीन नासपती त्याला देतो. तेव्हा हा लाकडी बाहुला साली काढून मागतो, गाभा फेकू पाहतो. थोड्याच वेळात भूक अनावर होऊन तो साली आणि गाभेही खातो. दरिद्री घरात श्रीमंती नखरे, या विसंगतीतून येथे विनोद निर्माण होतो. त्या विनोदाच्या मुळाशी भूक आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. पुढे भर हिवाळ्यात अंगातला कोट विकून जेप्पेत्तो त्याच्यासाठी बाराखडीचे पुस्तक आणतो. इटलीत १८७७ च्या कोप्पीनो कायद्याने सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे केले होते. शालेय पुस्तके लिहिणाऱ्या कोलोदीला हा प्रश्न जवळचा होता. शाळा सक्तीची झाली, तरी पुस्तकाची किंमत गरिबाच्या कोटाइतकी होती.

हास्याचे ओरडण्यात रूपांतर

खेळण्यांच्या देशात आठवड्याला सहा गुरुवार आणि एक रविवार असतो. गुरुवारी शाळेला सुट्टी असते. पाच महिन्यांच्या मौजेनंतर पिनोकिओ व त्याचा मित्र लुचिन्योलो यांना गाढवाचे कान फुटतात. दोघेही टोपीखाली कान लपवतात, एकाच वेळी टोप्या काढतात आणि एकमेकांना पाहून पोट धरून हसतात. हसता हसताच ते चौपायी होतात आणि तोंडून खिंकाळणे बाहेर पडते. न शिकणाऱ्या मुलाला गाढव म्हणण्याची रीत इटालियन वर्गातही होती आणि मराठी वर्गातही आहे. कोलोदीने ही शिवी अक्षरशः खरी केली. वाचक प्रथम मुलांबरोबर हसतो. ओरडणे ऐकू येताच ते हसू अडखळते.

शिक्षा कोणाला?

येथून बोधवादी अर्थ अपुरा पडू लागतो. मुलांना फसवून नेणारा गाडीवान या व्यापारातून लक्षाधीश होतो. त्याला कोणतीही शिक्षा होत नाही. सर्कशीत लंगडा झालेला पिनोकिओ ढोलाच्या कातड्यासाठी विकला जातो, समुद्रात ढकलला जातो आणि परीने पाठवलेले मासे त्याचे गाढवपण खाऊन टाकतात. ही सुटका त्याने स्वतः कमावलेली नाही. ती कृपेने मिळते. लुचिन्योलोला परी नाही, शोधत फिरणारा बापही नाही.

शेवटच्या प्रकरणात हा फरक उघड होतो. आजारी बापाला पेलाभर दूध मिळावे म्हणून पिनोकिओ जांजो या मळेवाल्याकडे रहाट फिरवून शंभर बादल्या पाणी काढतो. हे काम आजवर एक गाढव करीत होते. ते आता भुकेने आणि अतिश्रमाने मरणपंथाला लागले आहे. पिनोकिओ गाढवांच्या बोलीत त्याची चौकशी करतो. तो लुचिन्योलो असतो. जांजो मात्र गाढवासाठी मोजलेल्या पैशांची आठवण करून देतो.

आळसाने माणूस गाढव होतो आणि कष्टाने गाढवाचा माणूस होतो, असे समीकरण कादंबरी मांडते, असे म्हटले जाते. परंतु लुचिन्योलो कष्टानेच मरतो. एकाच रहाटावर एकाला माणूसपण मिळते आणि दुसऱ्याला मरण. त्यामुळे श्रम हे माणूसपणाचे पुरेसे गमक ठरत नाही. मरणाऱ्या गाढवात आपला सोबती ओळखणे, हे त्याहून खात्रीचे गमक होय. लुचिन्योलोनेच पिनोकिओला बहकवले, असा आक्षेप येथे घेता येईल. तथापि दोघांचा अपराध एकच होता. फरक होता तो मिळालेल्या आधाराचा.

निष्कर्ष

जिवंत मुलगा झालेला पिनोकिओ अखेरीस आपल्या जुन्या लाकडी देहाकडे पाहून तो किती हास्यास्पद होता असे म्हणतो. लुचिन्योलोची आठवण त्या क्षणी कोणी काढत नाही. ही कादंबरीची उणीव आहे. पण त्याचा मृत्यू लिहून कोलोदीने सुखान्ताला एक न बुजणारी चीर ठेवली, हे त्याचे मोठेपणही आहे. १९४० च्या डिस्ने चित्रपटात लुचिन्योलो गाढव होतो आणि पुन्हा दिसत नाही. तेथे केवळ धाक उरतो. म्हणून अध्यापनासाठी संक्षिप्त आवृत्ती निवडताना तीत रहाटाचा हा प्रसंग आहे की नाही, हे आधी पाहणे आवश्यक ठरते. तो गाळला तर उरते ती शाळा बुडविणाऱ्यांना दिलेली तंबी. तो ठेवला तर चुकलेल्या मुलांपैकी कोणाला दुसरी संधी मिळते आणि कोणाला नाही, हा प्रश्न वर्गात येतो. आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्यांइतकेच अध्यापकांनाही द्यावे लागते.