पक्षी-छायाचित्रणातील सुस्पष्टतेचा निकष : एक चिकित्सा

पक्षी-छायाचित्राच्या मूल्यमापनात सुस्पष्टता, म्हणजेच रूढ शब्दात 'शार्पनेस', हा पहिला निकष मानला जातो. त्यासाठी चित्र संगणकावर शंभर टक्के मोठे करून पक्ष्याचा डोळा तपासण्याची प्रथा पडली आहे. डोळा तपासणे योग्यच. पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते. आक्षेप आहे तो शंभर टक्क्यांना.

३५ मि.मी. फिल्मच्या काळात ०.०३ मि.मी. व्यासापर्यंतचे धूसर वर्तुळ बिंदूसमान मानले जाई. मध्यम आकाराची छापील प्रत वाचनाच्या अंतरावरून पाहणाऱ्या मानवी डोळ्याच्या क्षमतेवर हा आकडा आधारलेला होता. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर त्याच व्यासात सुमारे ५ पिक्सेल बसतात. साध्या पडद्यावर असे चित्र शंभर टक्के पाहणे म्हणजे ५ फूट रुंदीचे चित्र दीड-दोन फुटांवरून न्याहाळणे होय. ६०० मि.मी. लेन्स, एफ/५.६ आणि १० मीटर अंतर असता जुन्या निकषाने सुमारे ९ सें.मी. खोलीपर्यंत स्पष्टता मिळते. एका पिक्सेलच्या निकषाने ती २ सें.मी.हूनही कमी भरते. कॅमेऱ्याकडे तोंड केलेल्या बगळ्याची चोच आणि डोळा एकाच वेळी या कसोटीस उतरणे अशक्यप्राय आहे.

शिवाय सर्व धूसरता सारखी नसते. चुकलेला फोकस किंवा हाताचा कंप हे दोषच. परंतु कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत असताना त्याचे डोके जवळजवळ स्थिर असते आणि पंख मात्र वेगाने हलत असतात. डोके स्पष्ट व पंख धूसर, हे तेथे वर्तनाचे यथार्थ चित्रण ठरते. १/४००० सेकंदात थिजवलेला खंड्या पुष्कळदा खिळ्याला टांगल्यासारखा दिसतो! पंखांतील पिसांची झड नोंदवायची असेल, तर मात्र तोच वेग आवश्यक ठरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संगणक-प्रणालींनी या प्रश्नाला गंभीर वळण दिले आहे. धूसर चित्रात त्या पिसांचे तपशील अंदाजाने भरू शकतात. वटवट्यांसारख्या परस्परसदृश पक्ष्यांची ओळख पटविताना भुवईची फिकट रेषा किंवा पंखावरील पट्टी निर्णायक ठरते. अशा नोंदीसाठी किंचित धूसर मूळ चित्र अधिक विश्वसनीय होय. ते परीक्षणात बाद होते आणि अंदाजाने रेखीव केलेले चित्र स्वीकारले जाते, ही विसंगती शंभर टक्क्यांच्या प्रथेतूनच उद्भवली आहे.