मुखपृष्ठामागचे हात

पुस्तक-परिचय लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. लेखकाची ओळख, कथावस्तू, भाषाशैली, गुणदोष असे सारे क्रमाने झाले की शेवटी एक वाक्य येते : 'छपाई सुबक असून मुखपृष्ठ आकर्षक आहे.' ते आकर्षक कोणी केले, हे सांगण्याची गरज बहुधा कोणास वाटत नाही. प्रौढ वाचकाला ही उपेक्षा खटकत नाही, कारण तो पुस्तक निवडतो ते लेखकाच्या नावावरून. मूल तसे करीत नाही. अक्षरे नुकती लागू लागलेल्या वयात पुस्तकाची पहिली भेट मुखपृष्ठाशीच होते, आणि चित्रकथेच्या बाबतीत तर त्या भेटीवरच पुढचे सर्व अवलंबून असते. म्हणून जुन्या चित्रकथांचे मूल्यमापन करावयाचे झाल्यास आरंभ मुखपृष्ठापासून करावा, असे आम्हांस वाटते.

या विचारास एक व्यावहारिक निमित्त आहे. आमच्या मुळशी तालुक्याच्या एका टोकाला ताम्हिणीचा घाट आहे, तर दुसऱ्या टोकाला हिंजवडीची संगणकनगरी उभी राहिली आहे. जुने घर सोडून नव्या सदनिकेत जाणारी कुटुंबे ट्रंका रिकाम्या करतात आणि त्यांतून 'इंद्रजाल कॉमिक्स' व 'अमर चित्र कथा' यांची पिवळी पडलेली बाडे निघतात. ती धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवावीत की रद्दीत घालावीत, असा प्रश्न आम्हांस वरचेवर विचारला जातो. काही वडीलधाऱ्यांच्या मते हे वाचन नव्हेच, मुलांना खऱ्या पुस्तकापासून दूर नेणारी ती करमणूक होय. उलट काही तरुण सांगतात की जुन्या अंकांना आता संग्राहक चांगले पैसे मोजतात. एका पक्षाला या अंकांत काहीच दिसत नाही, दुसऱ्याला केवळ दुर्मिळता दिसते. चित्राकडे चित्र म्हणून पाहण्याचे दोघांकडूनही राहून जाते.

वास्तविक मुखपृष्ठावर प्रेम करण्याची परंपरा मराठी घरांना नवी नाही. गोमंतकातून आलेले दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोन चित्रकारांनी आपल्या दिवाळी अंकांना चेहरा दिला. दलालांनी १९४५ पासून 'दीपावली' हा स्वतःचा अंक चालविला. मुळगावकरांची तुकतुकीत कांतीची देवदेवता घरोघरी भिंतीवर गेली आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरही त्यांचाच कुंचला चालला. त्यांच्या सह्या वाचक ओळखत असत. त्याही मागे जावे तर शेजारच्या मावळ तालुक्यातील मळवलीपर्यंत जाता येते. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच मळवलीस आला. तेथे एकेका रंगासाठी वेगळी शिळा तयार करावी लागे. चित्रावर नाव एका रविवर्म्याचे येई, पण शिळेवर रंगांची विभागणी करणारे कारागीर अनेक असत आणि त्यांची नावे कोणी विचारली नाहीत. एक नाव आणि अनेक हात हे नाते ध्यानात ठेवूनच आपण चित्रकथांकडे वळू.

'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिल्या अंकाची किंमत साठ पैसे होती. १९९० पर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले आणि इंग्रजी, हिंदी व मराठी यांच्यासह अनेक भाषांतून ते घरोघरी पोहोचले. यांतील प्रमुख नायक वेताळ, म्हणजे मूळचा 'फँटम', हा ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ मध्ये निर्माण केला. ती वृत्तपत्रात रोज थोडीथोडी येणारी चित्रपट्टी होती, आणि १९६१ पासून ती साय बॅरी यांच्या रेषेत येऊ लागली. चित्रपट्टीला मुखपृष्ठ नसते. तिचे पुस्तक करावयाचे झाले की मुखपृष्ठ नव्याने रंगवावे लागते. आतील कथा सातासमुद्रापलीकडची आणि आतील रेषाही तिकडचीच. त्या कथेला भारतीय मुलाच्या हाती देणारे चित्र मात्र येथे रंगविले गेले. आरंभीच्या सुमारे पन्नास अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी केली. ज्या पिढीला वेताळ आठवतो, तिला पुष्कळदा बी. गोविंद यांनी दाखविलेला वेताळ आठवतो, हे तिच्या ध्यानी नसते एवढेच.

या प्रकारच्या मुखपृष्ठाचे कौशल्य कशात आहे? जर्मन समीक्षक लेसिंग याने १७६६ मध्ये 'लाओकून' या ग्रंथात काव्य आणि चित्र यांचा भेद सांगितला. काव्य काळातून वाहते, चित्राला एकच क्षण मिळतो. म्हणून चित्रकाराने कळसाचा क्षण न घेता त्याच्या अलीकडचा क्षण घ्यावा, जेणेकरून पुढचे पाहणाऱ्याने कल्पनेने पुरे करावे. सेमिनरीत हा सिद्धान्त ग्रीक शिल्पाच्या संदर्भात शिकविला जातो. तथापि त्याचा रोजचा उपयोग रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानात होत होता. ठोसा उगारलेला असतो, लागलेला नसतो. खलपुरुषाने सुरी उपसलेली असते आणि नायकाची पाठ त्याच्याकडे असते. दोरीवर टांगून ठेवलेल्या अंकाने दहा पावलांवरून मुलाला थांबवावे आणि गाडी सुटण्यापूर्वी त्याच्या वडिलांच्या खिशातून पैसे काढवावेत, एवढे काम त्या एका क्षणाला करावयाचे असे. शीर्षकासाठी वरची पट्टी मोकळी सोडावयाची, आकृती तिरकी मांडून तिला वेग द्यावयाचा आणि मागे एकच भडक रंग भरून ती पुढे उसळवायची. हे सारे अपारदर्शक जलरंगांत करावयाचे. पुढे छापखान्यात ते चार शाईंच्या ठिपक्यांत मोडले जाणार आणि छपाई थोडी जरी सरकली तरी ओठांचा रंग हनुवटीवर उतरणार, हेही गृहीत धरावयाचे. मूळ चित्र कितीही नाजूक केले तरी स्वस्त कागदावर ते टिकणार नाही, हे जाणून रेषा ठळक ठेवण्यातच या चित्रकारांचा विवेक दिसतो.

'अमर चित्र कथा'ची गोष्ट निराळी. अनंत पै हे 'इंद्रजाल'च्या उभारणीत असलेले गृहस्थ. दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची नावे येतात आणि रामाच्या आईचे नाव सांगता येत नाही, हे पाहून त्यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसतर्फे ही माला सुरू केली, हे सुविदित आहे. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा 'कृष्ण', आणि तो चितारला राम वाईरकरांनी. याच वाईरकरांनी पुढे १९८० मध्ये सुरू झालेल्या 'टिंकल' मासिकातील वेंधळ्या सुपंडीला रूप दिले. पूर्णावतार आणि वेंधळा नोकर या दोघांना एकाच हाताने सारख्याच ममतेने रंगवावे, यात त्या हाताची थोरवी आहे.

आम्हां पुणे जिल्ह्यातील वाचकांना तर या मालेविषयी विशेष आपुलकी वाटावयास हवी. तिच्या कितीतरी अंकांचे चित्रकार प्रताप मुळीक आणि त्यांच्यासारखेच बहुप्रसव दिलीप कदम हे दोघेही पुण्याचे. मुळीकांच्या आकृतींत शरीराचे वजन जाणवते. त्यांचा योद्धा जमिनीवर पाय रोवून उभा राहतो. याच मुळीकांनी १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी 'नागराज' हा सर्पशक्तीचा नायक चितारला. पुराणपुरुषासाठी कमावलेली शरीररचना त्यांनी आधुनिक अद्भुतकथेला दिली आणि ती तेथेही शोभली. दुसरीकडे कृष्णभक्त मीराबाईचा अंक रेखाटला तो युसुफ लिएन या चित्रकाराने. चित्रकाराचा धर्म पाहून विषय वाटून देण्याची रीत तेथे नव्हती. ही गोष्ट आजच्या दिवसांत आपल्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

येथवर गुणगान झाले. परंतु ज्या चित्राने मुलाचे मन घडते, त्याची झडतीही तितक्याच काळजीने घेतली पाहिजे. वेताळाच्या कथेत जंगलातील सारे काळे लोक एका गोऱ्या पुरुषाच्या छत्राखाली निर्धास्त असतात. 'इंद्रजाल'च्या संपादकांनी मूळ 'बेंगाली' प्रदेशाचे 'डेंकाली' केले, पण सत्तेची मांडणी होती तशीच राहिली. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी दरोडेखोराचा मुलगा असलेला 'बहादूर' निर्माण केला, तेव्हा कोठे कुडता घातलेला आणि गावकऱ्यांना संघटित करणारा नायक या मालेत अवतरला. 'अमर चित्र कथे'तही राम-कृष्णांचा निळा वर्ण वगळता सज्जन बहुधा गोरे, आणि राक्षस काळसर, दांत विचकणारे असतात. सावळ्या मुलांनी भरलेल्या आपल्या देशात हे रंगवाटप निरुपद्रवी नाही. चित्रकार एकटा याला जबाबदार नव्हे. कॅलेंडरांतून आणि चित्रपटांतून चालत आलेली ती नजर आहे. परंतु मुखपृष्ठ ती नजर सर्वांत लहान वयात देते, म्हणून सर्वांत प्रथम तेथेच तिच्याविषयी बोलले पाहिजे.

याहून खोल मर्यादा या प्रकाराच्या रचनेतच आहे, आणि ती कळण्यासाठी मुळशीसारखी जागा नाही. 'अमर चित्र कथे'त सेनापती बापटांवर एक अंक आहे. बापटांचे नाव घेतले की आमच्या तालुक्याला १९२१ ते १९२४ चा मुळशी सत्याग्रह आठवतो. टाटा कंपनीच्या धरणाखाली जमिनी जाणार म्हणून मावळे शेतकरी उठले. बापटांच्या बरोबरीने विनायकराव भुस्कुटे उभे राहिले, स्त्रिया उभ्या राहिल्या, कित्येकांनी तुरुंग भोगला, आणि तरीही अखेर धरण झाले. हा लढा समुदायाचा होता आणि त्याचा शेवट पराभवाचा होता. मुखपृष्ठाला मात्र एक चेहरा लागतो, एक नाव लागते आणि विजयाचा आवेश लागतो. ज्यांची शेते पाण्याखाली गेली त्यांना त्या आयतात कोठे बसवावे? बापटांच्या शौर्याला यामुळे बाध येत नाही. पण अशा पुस्तकांवर वाढलेले मूल इतिहास म्हणजे थोरांची रांग असे समजू लागते, आणि आपले आजोबा त्या रांगेत नव्हते म्हणून इतिहासातही नव्हते असा निष्कर्ष नकळत काढते.

आता आम्ही ज्या नात्याचा उल्लेख केला त्याकडे परत येऊ. चित्रात एक नायक, आणि चित्रामागे अनेक हात. आतील पट्टी काढणारा, मुखपृष्ठ रंगविणारा, अक्षरे लिहिणारा, रंगांची विभागणी करणारा, मराठी अनुवाद चौकटीत बसविणारा अशा माणसांनी मिळून मुलाला एकट्या वीराची गोष्ट सांगितली. ज्या पुस्तकाने एकाच नायकाची पूजा शिकविली, ते पुस्तक स्वतः मात्र सामुदायिक श्रमाचे फळ आहे. मुखपृष्ठकाराचे नाव शोधू लागलेले मूल हा विरोध आपोआप ओळखते. नायकावरून त्याची नजर करणाऱ्यावर जाते. आपल्या जुन्या चर्चमधील वेदी कोरणाऱ्या सुताराचे नाव ज्याला विचारावेसे वाटते, त्याची भक्ती कमी होत नाही, तिच्यात कृतज्ञतेची भर पडते. चित्रकथेच्या रसिकतेचेही तसेच आहे.

म्हणून वाचनालयाविषयी आमचे मत असे. बाडे रद्दीत घालू नयेत, आणि काचेच्या कपाटात बंदही करू नयेत. मुखपृष्ठे शाबूत ठेवून त्यांची बांधणी करावी. बांधणावळीच्या सोयीसाठी मुखपृष्ठ फाडून टाकण्याची जी जुनी सवय आहे, ती सोडावी. नोंदवहीत लेखकाच्या रकान्याशेजारी चित्रकाराचा रकाना आखावा, आणि जेथे अंकात नाव सापडेल तेथे ते मुलांनीच आपल्या हाताने लिहावे. जेथे सापडणार नाही, तेथे रकाना कोरा ठेवावा, पण पुसून टाकू नये. सुटीत मुलांना दोन-चार अंक समोर ठेवून विचारावे : चित्रकाराने हाच क्षण का निवडला? यात कोण काळा आहे, कोण गोरा, आणि का? या चित्रातून कोण बाहेर राहिले आहे? आणि मग कोरा कागद देऊन सांगावे की मुळशी सत्याग्रहाचे मुखपृष्ठ काढा, पण त्यात एकच माणूस नको.

हे काम सोपे नाही. एका आयतात अनेक माणसे बसवून पुन्हा ते चित्र दहा पावलांवरून दिसले पाहिजे. तो प्रयत्न केल्यावर मुलांना बी. गोविंद, वाईरकर आणि मुळीक यांनी महिन्यामागून महिने मुदतीच्या आत काय साधले ते कळेल, आणि त्यांना काय साधता आले नाही तेही कळेल.