मध्यंतरापर्यंत छान

‘मध्यंतरापर्यंत छान आहे, पुढे जरा खेचलाय.’ मराठी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असते. पार्किंगमधून गाडी काढता काढता ते बोलले जाते, रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी ऑफिसात पोहोचते. त्याला समीक्षा म्हणण्याची कोणाची तयारी नसते. पण 2025 मधले मराठी चित्रपट ओळीने आठवून पाहिले, तर हा शेरा वाटतो तितका उडता नाही. मराठी दिग्दर्शकाला विषय सापडतो, माणसे सापडतात, बोलीही सापडते. प्रेक्षकाला कळून चुकलेली गोष्ट त्याला पुन्हा समजावून सांगण्याचा मोह मात्र आवरत नाही.

हा मोह ज्यांनी आवरला, त्यांत मार्चमध्ये आलेला जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ आधी आठवतो. टोरांटोच्या महोत्सवात 2023 मध्येच नेटपॅक पुरस्कार मिळवलेल्या या चित्रपटाला महाराष्ट्रातल्या पडद्यावर पोहोचायला दीड वर्ष लागले. विदर्भातल्या एका खेड्यातली सविता, कापूस पिकवणारे तिचे वडील आणि घरी येत राहणारी ‘स्थळे’, एवढीच गोष्ट. सुरुवातीला दिसतो तो मुलगा पाहण्याचा कार्यक्रम. बायका बसल्या आहेत आणि प्रश्नांची सरबत्ती मुलावर चालली आहे. थोड्याच वेळात कळते की हे सविताचे स्वप्न होते. मग खरा कार्यक्रम सुरू होतो. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणते? पाहुणे बदलतात, प्रश्न तेच राहतात. पहिल्यांदा प्रेक्षक हसतो, दुसऱ्यांदा जरा कमी हसतो आणि त्यानंतर सविताऐवजी तोच अवघडून बसतो. कॉलेजात ती समाजशास्त्राच्या वर्गात स्त्री-सक्षमीकरण शिकते. या विरोधावर कोणतेही पात्र भाष्य करत बसत नाही. ‘तेच तेच दाखवलंय’ ही तक्रार या चित्रपटाबद्दलही ऐकू येऊ शकते. फक्त इथे तेच तेच दाखवणे हाच विषय आहे.

महाराष्ट्र दिनाला दोन चित्रपट एकदम आले. सचिन गोस्वामी यांच्या ‘गुलकंद’मध्ये मुलांचे लग्न जुळवायला बसलेल्या दोन घरांतली एकीकडची आई आणि दुसरीकडचे वडील एकमेकांचे जुने प्रेम निघतात. सई ताम्हणकर आणि समीर चौघुले ही जोडी कागदावर विजोड वाटते, पडद्यावर शोभते. विनोदाची पट्टी मात्र अधूनमधून टीव्हीवरच्या स्किटची होते, प्रसंग संपला तरी टाळीची जागा शिल्लक ठेवलेली दिसते. शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय’ मुंबई महापालिकेतल्या सफाई कामगारांनी दहावीची परीक्षा दिल्याच्या सत्यघटनेवर बेतलेला आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांच्या अभिनयात एरवीची विनोदी लकब फारशी उरत नाही, हीच मोठी कमाई. दिवसभर कचऱ्यात राबलेला माणूस रात्री वहीसमोर बसतो, तेव्हा प्रेक्षकाला गहिवर आपसूक येतो. त्यावर पार्श्वसंगीताचा डोस दिला नसता तरी चालले असते.

जूनमध्ये ‘जारण’ आला. कादंबरीकार हृषीकेश गुप्ते यांचा हा चित्रपट करणी आणि मनोविकार यांच्या सीमेवर उभा राहतो. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झालेल्या राज्यात असा विषय घेताना पाय घसरायला फार वेळ लागत नाही. अमृता सुभाष यांनी तो तोल शरीराने सांभाळला आहे. त्यांची मान किंचित वळली तरी खुर्चीत सावरून बसावे लागते.

सप्टेंबरातला ‘दशावतार’ हा त्या वर्षातला सर्वाधिक चर्चेचा चित्रपट, आणि मध्यंतराच्या शेऱ्याचे सर्वांत ठळक उदाहरणही. सुबोध खानोलकर यांच्या या पहिल्याच चित्रपटात 81 वर्षांचे दिलीप प्रभावळकर दशावतारात काम करणारे बाबुली मेस्त्री झाले आहेत. बाबुलीची नजर अधू होत चालली आहे, मुलगा काम सोड म्हणतो आहे आणि बापाचा पाय रंगमंचावरून निघत नाही. दोघांची कुरबुर, कोकणातली झाडी, तोंडाला रंग चढताना बदलत जाणारा म्हातारा: पूर्वार्ध जिवंत आहे. पुढे खाणीचा प्रश्न येतो, आघात होतो आणि बाबुली एकेका अवतारात सूड उगवू लागतो. प्रभावळकर तेव्हाही कमी पडत नाहीत, लेखन पडते. कोकणातल्या दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि राजा, राक्षस, नारद आपापले संवाद तिथल्या तिथे रचतात. त्या कलेवरच्या चित्रपटाने उत्तरार्धात प्रत्येक वाक्य संदेशाच्या साच्यातून काढावे, ही चुटपुट लागते.

आठवडाभराने आलेला रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ अगदी दुसऱ्या टोकाचा. जानेवारीत सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले होते. वडील गेल्यावर मुंबईतला आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. सुतकाचे नियम पाळताना ‘लग्न कधी करतोस?’ हा प्रश्न त्याला चुकत नाही. लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघांमधली ओढ हळूहळू स्पष्ट होते. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा जागचा फारसा हलत नाही. आई सगळे जाणून आहे आणि नातेवाइकांपुढे वेळ मारून नेते. समलिंगी प्रेमावर मराठीत चित्रपट काढायचा म्हणजे एक तरी भाषण हवेच, असे वाटणाऱ्याला इथे शेळ्या चारणारे दोन पुरुष आणि शीर्षकातले काटेरी फळ एवढेच मिळते. चित्रपट संथ आहे, हे खरे. सुतकातले दिवसही तसेच सरकतात.

अशा चित्रपटाला तोंडी प्रसिद्धीच तारू शकते आणि तिला वेळ लागतो. तोच मिळत नाही. 12 सप्टेंबरला ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी चित्रपट एकाच दिवशी झळकले. एकच प्रेक्षक तिघांत वाटला गेला. शोच्या वेळांचेही तसेच. राज्य सरकारने 2015 मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी प्राइम टाइमची अट घातली, तेव्हा त्या प्राइम टाइमची व्याख्या ताणून दुपारी 12 पासून रात्री 9 पर्यंत नेण्यात आली. दुपारी बारा वाजता नोकरदार माणूस डबाही उघडत नाही. त्याला शेजाऱ्याने ‘बघ, चांगला आहे’ असे सांगितलेले असते शनिवारी. तो पुढच्या शनिवारी वेळ काढून ॲप उघडतो, शो शोधतो आणि मग घरच्यांना सांगतो, ‘राहू दे, ओटीटीवर येईलच.’