कृष्णधवल छायाचित्र आणि स्मरणरंजनाचा अधिकार

मराठी समीक्षेत 'नॉस्टॅल्जिया'साठी 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला, तेव्हा त्यातील 'रंजन' बहुधा मनोरंजनाच्या अर्थानेच घेतले गेले. वस्तुतः 'रञ्ज्' हा रंगण्याचा, रंगविण्याचा धातू आहे. स्मरणरंजन म्हणजे आठवणीला रंग चढविणे. आज हे काम रंगहीन प्रतिमेकडे सोपविले गेले आहे, ही मोठी मौजेची गोष्ट म्हणावयास हवी. भ्रमणध्वनीवर टिपलेले रंगीत छायाचित्र एका स्पर्शाने कृष्णधवल केले की त्याला 'जुन्या काळाचा भाव' येतो, असे मानले जाते; अधिक निष्ठावंत रसिक पुन्हा फिल्मचा कॅमेरा शोधून काढतात. या ओढीला केवळ फॅशन म्हणून बाजूला सारता येत नाही. तिच्या पोटात भूतकाळाविषयीचा एक दावा आहे.

ज्या काळाची ही ओढ आहे त्या काळात कृष्णधवलता ही शैली नव्हती. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे देणारा आग्फा क्लिक-थ्री, उदकमंडलमच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल आणि तो धुवायला टाकण्यासाठी गावातला स्टुडिओ, एवढीच मध्यमवर्गीय मराठी घराची सामग्री होती. रंगीत रोल आणि त्याची धुलाई परवडत नव्हती, म्हणून छायाचित्र काळेपांढरे होते. तत्कालीन अभावाचे आज सौंदर्यमूल्य झाले आहे. अर्थात अभावातून मूल्य निर्माण होऊ नये असे नाही. पण ते मूल्य भूतकाळात आधीपासून होते, असे समजणे हा भ्रम आहे. काळे आणि पांढरे या जगात नसलेल्या, केवळ सिद्धान्तात असलेल्या अवस्था आहेत, हे विलेम फ्लुसरने 1983 साली दाखवून दिले होते. कृष्णधवल छायाचित्र वास्तवाच्या अधिक जवळ नसते. ते संकल्पनेच्या अधिक जवळ असते.

रोलाँ बार्थ मात्र याच्या उलट टोकाला उभा आहे. 'कॅमेरा ल्युसिडा'मध्ये (1980) तो रंगाला कृष्णधवलाच्या मूळ सत्यावर मागाहून चढविलेले लेपन मानतो. प्रेताला केलेल्या रंगभूषेची उपमा देतो. बार्थचे हे निरीक्षण मराठी विद्यापीठीय लेखनात फारशी छाननी न होता वापरले जाते. मराठी घरातील भिंतीवरची तसबीर त्याला उत्तर देऊ शकते. आजोबांच्या काळ्यापांढऱ्या चेहऱ्यावर, काचेवरून, दर सणाला गंध लागते. आजीच्या कपाळावर कुंकू. स्टुडिओवाले तर साडीचा काठ, ओठ, दागिने हाताने रंगवून देत. मागाहून चढविलेला हा रंग सत्यावरचे लेपन नाही, तो मृताशी राखलेला संबंध आहे. रघुबीर सिंग यांनी 'रिव्हर ऑफ कलर'मध्ये (1998) रंग हाच भारतीय दृष्टीचा स्वभाव असल्याचे मांडले. त्यांचे विधान सरसकट आहे आणि म्हणून दुबळेही. परंतु कृष्णधवलाचे गांभीर्य सर्वत्र एकाच अर्थाने वाचता येत नाही, एवढे त्यातून नक्की निघते.

तरीही इथवरची चर्चा ज्यांच्याकडे तसबीर आहे त्यांच्यापुरतीच राहते. खालापूर तालुक्यातील चौकच्या परिसरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. चौक हे नाव वसाहतकालीन नोंदींत येते ते माथेरानच्या निमित्ताने: ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट 1850 साली येथूनच डोंगर चढला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1854 मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी आणि नारायण दाजी हे बंधू तिच्याशी निगडित होते. विल्यम जॉन्सनने 1863 ते 1866 या काळात मुंबई इलाख्यातील जातीजमातींचा छायाचित्रग्रंथ काढला. त्यासाठी त्याने माणसांची चित्रे वेगळ्याच स्थळांच्या पार्श्वभूमीवर चिकटविली होती. 'जुने ते अस्सल' असे मानणाऱ्याने हा ग्रंथ एकदा तरी पाहावा.

चौकच्या माथ्यावरील इरशाळगड, त्याचा सुळका आणि नेढे हा गिर्यारोहकांचा जुना आवडता विषय. धुक्यातला सुळका कृष्णधवलात खुलतो, यात शंका नाही. पायथ्याकडून गडाकडे जाणारी वाट इरशाळवाडी या ठाकर वस्तीतून जात असे. मोटाररस्ता तिथवर पोहोचलेला नव्हता. गडाच्या चित्रांत वाडी आली तर कडेला, कौलाच्या एखाद्या तुकड्याइतकी. क्लिक-थ्री आणि 'इंदू' रोलच्या अर्थव्यवस्थेत अशा वस्तीला ग्राहक म्हणून जागा असण्याचे कारण नव्हते. डोंगरवस्तीतल्या कित्येकांचे पहिले छायाचित्र 1993 नंतरच्या मतदार ओळखपत्रासाठी निघाले असणार. त्या पत्रांवरील धूसर, काळवंडलेले चेहरेही कृष्णधवलच. त्यांच्याविषयी कोणाला हुरहूर वाटल्याचे दिसत नाही. तेव्हा हुरहूर उत्पन्न करणारा गुण काळ्यापांढऱ्यात नसून, छायाचित्र कोणाच्या इच्छेने काढले गेले आणि कोणाच्या घरी राहिले, यात आहे.

सुधारक ओलवे यांची मुंबईतील सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे याच ठिकाणी आठवावीत. गटारात उतरलेला माणूस तेथे काळ्यापांढऱ्यात आहे, पण त्याच्याभोवती 'जुना काळ' पसरत नाही. उलट हे आजचेच आहे, हे प्रेक्षकाला टाळता येत नाही. रंग काढून घेतल्याने घाण नयनरम्य होण्याचा धोका तेथेही होता. ओलवे तो पुष्कळदा टाळतात ते चौकटीत अंतर न ठेवल्यामुळे. स्मरणरंजनाला अंतर लागते.

19 जुलै 2023 च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती आले. 57 जण बेपत्ता राहिले आणि 23 जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले. गडाच्या जुन्या भ्रमंतीच्या चित्रांचे वाचन त्या दिवसापासून बदलले आहे. आजवर सुळक्याकडे जाणारी नजर आता चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, झाडाआड दिसणाऱ्या छपराशी अडते. छायाचित्रकाराने जे टिपायचे ठरविले नव्हते तेच आता तो टिपून गेला आहे. अशा वेळी एखादे चित्र 'भावपूर्ण' व्हावे म्हणून कृष्णधवल करून पुन्हा प्रसृत केले की काय घडते, ते पाहण्यासारखे आहे: सुळका अधिक गडद होतो, धुके अधिक पांढरे, आणि ते छप्पर मागच्या उताराच्या करड्या छटेत मिसळून दिसेनासे होते.