लेडी मेरीचा आवाज

‘डाउन्टन ॲबी’ या मालिकेची सहा पर्वं, म्हणजे ५२ भाग, मी आजवर तीनदा पाहिले आहेत. पहिल्यांदा उपशीर्षकं वाचत, दुसऱ्यांदा ती हातानं झाकून, तिसऱ्यांदा जवळजवळ डोळे मिटून. कॉलेजात इंग्रजी वाङ्मय न शिकलेल्या माझ्यासारखीला लेडी मेरी आणि स्वयंपाकघरातली डेझी यांच्या उच्चारांतलं अंतर कळायला एवढा वेळ लागला. कळलं तेव्हा मात्र मालिका नव्यानं दिसली. यॉर्कशरमधल्या त्या वाड्यात वरचा मजला आणि तळघर यांच्यामध्ये जिना आहे हे सगळ्यांना दिसतं. पण तो जिना उच्चारांचाही आहे.

म्हणून २०२२ साली आलेला ‘डाउन्टन ॲबी : अ न्यू इरा’ हा दुसरा चित्रपट या विषयाला थेट हात घालतो हे पाहून मी हरखले. पटकथा मालिकेचे कर्ते ज्युलियन फेलोज यांचीच, दिग्दर्शन सायमन कर्टिस यांचं. काळ १९२८. वाड्याचं छप्पर गळतं आहे, दुरुस्तीला पैसा हवा, म्हणून मेरी एका कंपनीला तिथं ‘द गॅम्बलर’ नावाचा मूकपट चित्रित करू देते. (दुसरं कथानक दक्षिण फ्रान्समधल्या एका बंगल्याचं. तो बंगला सुंदर आहे, एवढंच त्याबद्दल सांगण्यासारखं.) चित्रीकरण अर्ध्यावर असताना मूकपटांचा बाजार बसतो, काम बंद पडायची वेळ येते आणि मेरी सुचवते, याचाच बोलपट करा. अडचण एकच. नायिका मर्ना डालग्लीश पडद्यावर उमराव घराण्यातली दिसते, पण तोंड उघडलं की लंडनच्या कष्टकरी वस्तीतली. मग मर्ना कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवते आणि मेरी बाजूला उभी राहून माइकमध्ये बोलते.

ही युक्ती फेलोज यांच्या मनची नाही. हिचकॉकचा ‘ब्लॅकमेल’ १९२९ साली असाच अर्ध्यातून बोलपट झाला. त्याची नायिका ॲनी ओंड्रा हिचा परकी हेल इंग्रज नायिकेला चालणारा नव्हता. आवाज मागाहून भरण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून जोन बॅरी ही इंग्रज नटी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरून संवाद म्हणायची आणि ओंड्रा ओठ हलवायची. आपल्याकडेही १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि मूकपटांची सम्राज्ञी सुलोचना, म्हणजे पुण्याची रूबी मायर्स, अडचणीत आली. तिनं काम थांबवून हिंदुस्थानी शिकून घेतली आणि १९३२ मध्ये स्वतःच्याच ‘माधुरी’च्या बोलपटातून ती परतली. त्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे आल्या. चांगल्या घरातल्या, कॉलेजात शिकलेल्या. बोलपटानं कोणासाठी दार उघडलं आणि कोणाला उंबऱ्यावर थांबवलं, याचा शोध घेताना ही दोन नावं मी नेहमी शेजारी ठेवते.

सुलोचनाला निदान परत यायला मिळालं, तेही स्वतःच्या आवाजात. मर्नाचं दुःख चित्रपट दाखवतो. डेझी आणि ॲना तिची समजूतही घालतात. पण मेरीचा उसना आवाज हा तोडगा चित्रपटाला गोड वाटतो आणि तिथं माझं त्याच्याशी भांडण आहे. पहिल्या पर्वात ग्वेन नावाची मोलकरीण टाइपरायटर लपवून ठेवते, टंकलेखन शिकते आणि सेक्रेटरी होऊन वाड्याबाहेर पडते. तिथं नवं यंत्र नोकराच्या हाती येतं. इथं ते पुन्हा मालकिणीच्या तोंडाशी जातं.

हे मला जास्त लागतं त्याला कारण आहे. मी अकोल्याकडची. ऐन विशीत एका नभोवाणी केंद्रावर आवाजाच्या चाचणीला गेले होते. सोबत स्वतः लिहिलेली श्रुतिका होती. श्रुतिका घेतली. वाचायला दुसरी बाई बसवली, कारण माझ्या तोंडून ‘जाऊन राहिली’ निसटलं होतं. तिनं वाचलं छान. आमच्या घरी सगळ्यांनी ऐकलं आणि आई म्हणाली, “हे तू लिहिलं? वाटून नाही राहिलं तसं.”

चित्रपटात पुढे एक्स्ट्रा नट पगार थकल्यामुळे निघून जातात आणि वाड्याचे नोकर भरजरी कपडे घालून त्यांच्या जागी उभे राहतात. प्रसंग मजेचा आहे, मीही हसले. पण नोकर वरच्या मजल्यावर पाहुणे झाले तेही एक्स्ट्रा म्हणून, म्हणजे संवादाशिवाय. शेवटाकडे म्हातारी व्हायोलेट मरते. मॅगी स्मिथ त्या मृत्यूशय्येवरही अशा बोलतात की प्रेक्षागृहात डोळे पुसत लोक हसत होते. ते वाक्य मोलकरीण डेन्करच्या हुंदक्यांना गप्प करण्यासाठी आहे, हे मला घरी परतल्यावर लक्षात आलं.

तरीही फेलोज यांना मी माफ करते, ते मोल्झलीमुळे. पूर्वीचा नोकर, आता गावातला शाळामास्तर, बोलपटाचे संवाद लिहायला लागलेला. तो बॅक्सटरला लग्नाचं विचारतो. वर्षानुवर्षं घशात अडकलेलं ते बोलणं अडखळत, चुकत बाहेर येतं. त्या दोघांना वाटतं आसपास कोणी नाही. पण ध्वनियंत्र चालू राहिलेलं असतं आणि सगळ्यांना ते ऐकू जातं. हा तुकडा मी घरी चारदा मागे नेऊन पाहिला, उपशीर्षकं बंद करून. त्या माइकसमोर कोणी त्याचा उच्चार सुधारायला उभं नव्हतं.