साक्ष : उपचार आणि पुरावा

संघटित हिंसेतून वाचून परक्या देशाच्या आश्रयास आलेल्या माणसाच्या मनावर उपचार करण्याच्या ज्या पद्धती गेल्या अर्धशतकात पुढे आल्या, त्यांपैकी साक्ष-पद्धतीकडे वाङ्मयाच्या अभ्यासकानेही लक्ष द्यावयास हवे. कारण येथे उपचाराचे साधन एक लिखित संहिता हेच असते.

चिलीमध्ये सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर छळ सोसलेल्या लोकांसाठी ही पद्धती आकारास आली. पीडिताचे निवेदन ध्वनिमुद्रित करावयाचे, ते उतरवून घ्यावयाचे, आणि मग पीडित व उपचारक या दोघांनी मिळून ते सिद्ध करावयाचे, असा तिचा क्रम. १९८३ साली तिचे विवेचन सिएनफुएगोस व मोनेली या नावांनी प्रसिद्ध झाले. ही टोपणनावे होती; खऱ्या लेखिका एलिझाबेथ लिरा व युजेनिया वाइनस्टाइन. सांगण्यात आरोग्य आहे असे प्रतिपादणाऱ्यांनाच स्वतःचे नाव झाकावे लागले, यावरून त्या काळी साक्ष देणे किती जोखमीचे होते हे ध्यानी येते. छळाच्या कोठडीत बळाने वदवून घेतलेल्या शब्दांच्या जागी माणसाचे स्वेच्छेचे शब्द यावेत, हे या पद्धतीचे मर्म होय.

पुढे इंगर आगर व सोरेन येन्सेन यांनी डेन्मार्कमधील निर्वासितांसाठी ती स्वीकारली आणि १९९० च्या आपल्या लेखात साक्षीला विधी व पुरावा असे दुहेरी स्वरूप दिले. आमचा आक्षेप या दुहेरीपणाला आहे. चिलीत साक्ष ही जुलमी राजवटीविरुद्धची फिर्याद होती. परदेशात मात्र निर्वासित स्वतःच परीक्षेस बसलेला असतो. आश्रयाच्या अर्जाची छाननी करणारा अधिकारी तपशिलातील तफावत ही असत्याची खूण मानू शकतो. परंतु जेन हर्लिही व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील कोसोवो व बॉस्नियाच्या निर्वासितांच्या पुनःपुन्हा मुलाखती घेऊन २००२ मध्ये दाखविले की, एकाच व्यक्तीच्या दोन कथनांत तफावत आढळणे ही सामान्य गोष्ट आहे. आणि ज्यांची लक्षणे तीव्र, त्यांच्या बाबतीत मुलाखतींमधील अंतर वाढले की ती तफावतही वाढते. या लोकांना वास्तव्याची परवानगी आधीच मिळालेली होती. खोटे बोलण्यात त्यांचा काही लाभ नव्हता.

पद्धतीच्या गुणाविषयी शंका नाही, असेही म्हणवत नाही. स्टीव्हन वाइन प्रभृतींनी १९९८ मध्ये वीस बॉस्नियन निर्वासितांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आघातोत्तर विकाराचे निदान आरंभी सर्वांत होते. सहा महिन्यांनंतर ते ५३ टक्क्यांत उरले. तथापि तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने ही सुधारणा साक्षीची की काळाची, याचा निर्णय त्यातून होत नाही.

'साक्षी' म्हणजे मुळात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. न्यायालयाचा अर्थ त्या शब्दास पुढे चिकटला. उपचारात हा मूळ अर्थच प्रमाण मानावा. सिद्ध झालेली संहिता पीडिताच्या स्वाधीन असावी; ती अर्जास जोडावी की पेटीत ठेवावी, हे त्यानेच ठरवावे. ज्याचे बोलणे एकदा बळाने काढून घेतले गेले, त्याच्या बाबतीत एवढा अधिकार हा उपचाराचाच भाग होय.